पणजी पाण्यावरून पाहावी

पणजीत येणाऱ्याने आधी काय करावं, तर धक्क्यावर जाऊन बेतीच्या फेरीबोटीत चढावं. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पाच-सात मिनिटांत बोट मांडवीच्या पलीकडे लागते, आणि तेवढ्यात हे शहर कसं वसलंय ते कळतं. १८४३ साली पणजी राजधानी झाली तेव्हा खरा रस्ता नदीच होती, म्हणून शहराचं तोंड पाण्याकडे आहे. बोट सुटली की मागे वळून उभं राहा. काठावर आदिलशहाचा जुना राजवाडा, मागे कौलारू छपरं, त्यावर आल्तिनोची टेकडी. रस्त्यावरून पाहावं तर हाच राजवाडा गाड्यांच्या रांगेआड जातो. पूर्वेला मांडवीचे पूल दिसतात. १९७० साली सुरू झालेला पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, आणि नवा उभा राहीपर्यंत दोन्ही काठांच्या माणसांचा भार या बोटींनीच वाहिला. त्या बोटींबद्दल मला आदर आहे, तो यासाठी.

दुचाकी नेणार असाल तर भरती-ओहोटी बघून निघा. बोट आपला रॅम्प धक्क्याच्या उतारावर टेकवते. भरतीला हा उतार आखूड आणि कोरडा असतो. ओहोटीला एरवी पाण्याखाली राहणारा भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं. भाड्याची स्कूटर घेतलेली माणसं नेमकी तिथे पुढचा ब्रेक दाबतात, चाक सरकतं आणि गाडी आडवी होते. हँडल सरळ ठेवायचं, मागचा ब्रेक हलक्या हाताने धरायचा, मागे बसलेल्याला आधी उतरवायचं, वळायचं ते बोटीत शिरल्यावरच. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे कालच्या अनुभवावर विसंबू नये.

संध्याकाळच्या क्रूझबद्दल माझं मत वाईट आहे. नदी बघायला पैसे भरायचे आणि तासभर ध्वनिवर्धकासमोर बसायचं. गाणं आणि नाच डेकच्या मधोमध, त्यामुळे सगळ्यांची पाठ पाण्याकडे. कसिनो जहाजांच्या दिव्यांत काठ वेगळा दिसतही नाही. सूर्यास्तच हवा असेल तर फेरीबोटीच्या दोन खेपा करा.

बेतीला उतरल्यावर नदीकाठच्या रस्त्याने तीनेक किलोमीटरवर रेईश मागूशचा किल्ला आहे. चालायचं नसेल तर पायलट घ्यावा. पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल टॅक्सी. भाडं बसण्याआधी ठरवायचं. किल्ला १५५१ मधला, पुढे बरीच वर्षं तुरुंग होता आणि २०१२ पासून डागडुजी करून लोकांसाठी खुला आहे. सोमवारी बंद असतो. मांडवीचं मुख इथे सगळ्यांत अरुंद आहे. बुरुजावरून समोरचा काठ इतका जवळ वाटतो की किल्ला इथेच का बांधला ते सांगावं लागत नाही.

परतल्यावर फोंतेन्हास, आणि तेही सकाळी नऊच्या आत. ओरे खाडी आणि आल्तिनोचा उतार यांच्यामधल्या अरुंद गल्ल्या आहेत या. सगळे भिंतींचे रंग बघतात. माझा आग्रह खिडक्यांसाठी आहे. जुन्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपले असतात. चपट्या शिंपल्याचे चौकोनी तुकडे कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकावर एक सरकवलेले. जवळून पाहिलं की प्रत्येक तुकड्यावर शिंपल्याच्या वाढीच्या बारीक गोलसर रेषा दिसतात. उजेड दुधासारखा होऊन आत येतो, ऊन बाहेरच राहतं, आणि रस्त्यावरून घरातलं काही दिसत नाही. पावसाळ्यात पट्टी कुजली की तुकडे निखळतात. तसे बसवून देणारा सुतार आता सहजी मिळत नाही, म्हणून पुष्कळ घरांनी तिथे साधी काच लावली. जिथे अजून शिंपले आहेत तिथे दोन मिनिटं थांबा.

आणि थांबायचं ते रस्त्यावर. या घरांच्या पायऱ्या लोकांच्या ओसरीचा भाग आहेत. फोटोसाठी कुणाच्या दारात कपडे बदलून उभं राहणं, कठड्यावर चढणं, आतल्या म्हाताऱ्या माणसांना बाजूला व्हा म्हणणं, हे रोज चालतं आणि बघून संताप येतो. रहिवाशांनी फोटो काढू नका असे फलक लावलेत, लोक त्या फलकांनाच टेकून फोटो काढतात. दहा वाजल्यानंतर गल्ली अशा गर्दीने भरते. सेंट सेबॅस्टियनच्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, मात्र शांतपणे शिरा. तिथला क्रूस मूळचा जुन्या गोव्यातल्या पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या (इन्क्विझिशनच्या) वाड्यातला. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ आहे. सहसा असं आढळत नाही.

दुपारी एक ते साडेतीन बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा जेवण उरकावं. मिरामार आणि दोना पावला हे समुद्रकाठ राहिले तरी हरकत नाही, शनिवार-रविवारी तर तिथे पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात भरती आणि जोराची सर एकाच वेळी आली की नाल्यांचं पाणी नदीत उतरत नाही आणि ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावर तुंबतं. तासभर कुठेतरी चहा घेत बसणं बरं.

जुन्या गोव्याला जायचं तर रायबंदरवरून जाणारी बसच पकडा. कंडक्टरला आधी विचारा, कारण काही बस बायपासने जातात आणि मग पाणी दिसत नाही. रायबंदरचा रस्ता १६३३-३४ मध्ये दलदलीतून बांधलेल्या, पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारेसच्या नावाच्या जुन्या पुलावरून जातो. जाताना डावीकडची खिडकी धरा, मांडवी अगदी कडेला असते. येताना पुन्हा डावीकडेच बसा. त्या बाजूला जुनी मिठागरं आणि खारफुटी आहे, आणि ओहोटी असेल तर उघड्या चिखलात बगळे उतरलेले दिसतात.