६६ च्या मस्टँगला वळायला शिकवताना

आधीच कबूल करतो, म्हणजे कोणी चूक काढायला नको. फोर्ड मस्टँगला मसल कार (दणकट मोठ्या इंजिनची गाडी) म्हणायचं की पोनी कार (आटोपशीर स्पोर्टी गाडी), यावर इकडे डेट्रॉइटला लोकं बिअर संपेपर्यंत भांडतात. माझी १९६६ ची कूपे, २८९ क्युबिक इंचाचं साधं, दोन बॅरल कार्ब्युरेटरवालं इंजिन, कागदावर २०० हॉर्सपॉवर, त्यामुळे मसल म्हणजे जरा जास्तच होतंय. पण सरळ रस्त्यावर झकास पळते. प्रॉब्लेम वळणावर. स्टिअरिंग फिरवलं की आधी गाडी विचार करणार, मग एका कुशीवर झोपणार, आणि मग कुठे वळायला लागणार.

यात गाडीचा दोष फारसा नाही. मस्टँग आली १९६४ च्या एप्रिलमध्ये, आणि खालचा सगळा सांगाडा फोर्डच्याच फाल्कनचा, म्हणजे घरच्या साध्या बजेट गाडीचा. वर टायर त्या काळचे बायस-प्लाय, म्हणजे आत तिरक्या दोऱ्यांचे थर असलेले. आजच्या रेडियल टायरची पकडच नव्हती तेव्हा, त्यामुळे सस्पेन्शनही मऊ आणि वळणाबद्दल उदासीन. मागे सरळ ॲक्सल आणि लीफ स्प्रिंग. कोल्हापूरला आण्णांना व्हिडिओ कॉलवर गाडीखालून दाखवलं तर म्हणाले, "आरं, ही तर आपल्या ४०७ सारखीच कमानपाट्याची की! एवढे पैसे घालून टेम्पोच घेतलास व्हय?" यावर काय बोलणार.

तर मी काय केलं, तर जे सगळे करतात तेच. आधी कडक स्प्रिंगा घेतल्या. या गाडीला पुढे ६२० च्या स्प्रिंगा फार चालतात, म्हणजे एक इंच दाबायला ६२० पाउंड लागतात. आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही, कारण या गाडीत स्प्रिंग वरच्या कंट्रोल आर्मवर (चाकाला वरून धरणारा, वरखाली हलणारा हात) मधेच कुठेतरी बसते, चाक दोन इंच हललं तर स्प्रिंग साधारण एकच इंच दबते, त्यामुळे चाकापाशी त्या ६२० चा जेमतेम चौथा हिस्सा पोचतो. हे गणित बरोबर होतं. चूक ही की शॉकॲब्सॉर्बर जुनेच ठेवले. मिशिगनचे रस्ते मार्चमध्ये काय असतात ते इथल्या लोकांना सांगायला नको, हिवाळाभर भेगेत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं आणि वसंतात नुसते खड्डेच खड्डे, अगदी पुण्याचा जुलै आठवतो. प्रत्येक खड्ड्यानंतर गाडी तीन-चार वेळा उड्या मारायची आणि बायको म्हणायची मी उतरून चालत येते. बरं एवढं करून वळणावर पुढचा बाहेरचा टायर कडेवरच घासत होता, ते काही थांबलं नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला की स्प्रिंग कितीही कडक करा, आर्मची जागाच चुकीची असेल तर टायर रस्त्यावर सपाट बसणारच नाही.

यावरचा उपाय साठ वर्षं जुना आहे आणि जवळजवळ फुकट आहे. फोर्डमध्ये क्लाऊस आर्निंग नावाचे सस्पेन्शन इंजिनियर होते, त्यांनी काढलेली भूमिती. वरच्या कंट्रोल आर्मची दोन भोकं शॉक टॉवरमध्ये (शॉक आणि स्प्रिंग ज्यात बसतात तो पत्र्याचा उंचवटा) एक इंच खाली पाडायची, बास. रेसिंगवाल्या कॅरोल शेल्बीने १९६५ च्या जीटी ३५० या आपल्या खास मस्टँगला हेच केलं होतं म्हणून लोकं याला शेल्बी ड्रॉप म्हणतात, आर्निंग बिचारे राहिले बाजूला. होतं काय, की गाडी वळणावर कलली की बाहेरचं चाक वर जातं, मूळ जागेवर आर्म असताना त्या चाकाचा माथा बाहेर पडतो आणि टायर कडेवर उभा राहतो. आर्म खाली घेतला की तोच माथा आत ओढला जातो, टायर बऱ्यापैकी सपाट राहतो. गाडी अर्ध्या इंचाच्या जरा वर खालीही बसते, ते बोनस. गंमत म्हणजे १९६६ च्या सुरुवातीच्या गाड्यांनंतर खर्च वाचवायला शेल्बीने हे बंदच केलं.

काम एका शनिवारचं, फक्त स्प्रिंग काढताना मस्ती करू नका. शॉक वरून काढायचा, स्प्रिंगच्या पोटात कॉम्प्रेसर घालून ती आवळायची आणि हळूच बाहेर घ्यायची. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो, थट्टा नाही, मी आवळताना सगळा वेळ तोंड बाजूला करून बसलो होतो. मग आर्मचे नट इंजिनच्या बाजूने सोडायचे. तिथे शिमच्या चकत्या असतात, ६५-६६ ला कॅम्बर (समोरून बघता चाक किती कललंय) आणि कॅस्टर (बाजूने बघता चाक ज्या अक्षावर वळतं तो किती मागे कललाय) दोन्ही त्यावरच सेट होतं, तर कुठल्या बोल्टला किती होत्या ते लिहून ठेवा. मी फोटो काढला आणि फोटो हलला. टेम्पलेट लावून पंच मारायचा, छोट्या बिटने सुरुवात करायची. टॉवरला भेगा किंवा गंज असेल तर ड्रिल बाजूला ठेवून आधी ते वेल्डिंगने नीट करायचं, इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे बऱ्याच गाड्यांचे टॉवर गंजलेले असतात.

त्याच वेळी चांगले शॉक, मागे साडेचार पानांचे कमानपाटे आणि पुढे एक इंची स्वे बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारी आडवी दांडी) घातला. मूळचा बार पाऊण इंचापेक्षाही बारीक होता. बारचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, त्यामुळे दिसायला थोडासाच जाड पण फरक प्रचंड.

नंतर अलाइनमेंटला गेलो तर तिथल्या माणसाने जुन्या मॅन्युअलमधले आकडे लावून दिले. ते आकडे बायस-प्लायचे! हायवेवर गाडी नुसती डुलत होती. दुसरीकडे जाऊन कागदावर लिहूनच दिलं, कॅम्बर मायनस पाऊण अंश, कॅस्टर प्लस चार, टो-इन (पुढची चाकं एकमेकांकडे किती आत वळलीत) इंचाचा आठवा भाग. ॲडजस्टेबल स्ट्रट रॉड (खालच्या आर्मला पुढून धरणारे दांडे) आहेत म्हणून एवढा कॅस्टर मिळाला. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे पार्किंग करताना हात भरून येतात, पण सत्तर मैलांवर गाडी एका रेषेत.

ट्रॅक म्हणजे साउथ हेवनचा जिंजरमॅन, २.१४ मैल, ११ वळणं, बाजूला भरपूर मोकळी जागा म्हणून आमच्यासारख्यांना बरा. जायच्या आदल्या आठवड्यात मला किडा चावला आणि मागेही स्वे बार लावला. दुसऱ्याच लॅपला शेपूट बाहेर, गाडी गोल, समोर नुसतं गवत. नवे पाटे आधीच कडक, त्यात बार, मग मागची पकड राहणार कुठे. पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारची गाड्या उभ्या करायची जागा) आडवा पडून तो बार काढला आणि पुढच्या सेशनला ही तीच गाडी आहे का असं वाटलं. टायरच्या खांद्यावरून बाजूपर्यंत खडूची रेघ मारली होती, आधी ती पार साइडवॉलपर्यंत पुसली जायची, आता खांद्यालाच थांबली. मला एवढा पुरावा बास आहे.

कॉइलओव्हर, रॅक स्टिअरिंग, टॉवर कापून नवीन फ्रंट एंड, हे सगळं बाजारात मिळतं आणि वाईट नाही. पण आठवड्यातले सहा दिवस खड्ड्यांतून किराणा आणायचा असेल तर मला तरी ते नको. अजून डाव्या बाजूला २२५/५०-१५ चा टायर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की फेंडरच्या काठाला लागतो, तो काठ या आठवड्यात आत दुमडायचाय.

कारण ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावरची जुन्या गाड्यांची जत्रा आहे. तिथे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, वळण असं काही नाहीच, म्हणजे माझ्या सगळ्या खटाटोपाचा तिथे शून्य उपयोग. पण बॉनेट उघडं ठेवणार आहे. टॉवरवर नटांच्या वर एक इंचावर ती जुनी रिकामी भोकं दिसतात, दहा जणांत एखादा तरी वाकून बघतो आणि हसतो.