पंचगंगेचं मॉडेल: मातीची ओल जोडली

मंडळी, मॉडेलमध्ये अखेर उपग्रहाने मोजलेली मातीची ओल बसवली. नवीन आलेल्यांसाठी: कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरची नदीची पातळी (इशारा ३९ फूट, धोका ४३) एक दिवस आधी सांगता यावी, यासाठी हा सगळा खटाटोप.

आजवर कर्व्ह नंबरची पद्धत वापरत होतो: जमिनीला शंभरपर्यंतचा एक आकडा द्यायचा (जितका मोठा, तितकं जास्त पाणी वाहून जातं) आणि त्यावरून पावसातलं किती पाणी वाहून येईल ते काढायचं. तीत माती किती ओली हे मागच्या पाच दिवसांच्या पावसावरून ठरवतात, आणि घोळ तिथेच होता. ऑगस्टात आठवडाभर उघडीप मिळाली की बेरीज शून्य; मॉडेलच्या लेखी रान कोरडं ठाक, खाचरात मात्र पाय रुततोय. याने किती फरक पडतो बघा. कर्व्ह नंबर ७५ आणि पाऊस १०० मिमी धरला, तर कोरड्या मातीवरून सुमारे १४ मिमी पाणी वाहून येतं, मध्यम ओलीला ४१, आणि माती भिजून तट्ट असेल तर ६६. पाऊस तोच, नदीकडे निघालेलं पाणी जवळपास पाचपट!

म्हणून नासाच्या स्मॅप या मातीची ओल मोजणाऱ्या उपग्रहाचे आकडे घेतले. २०१५ पासूनचे मिळतात, दर दोन-तीन दिवसांनी, आणि आभाळ भरलेलं असलं तरी. फक्त सकाळी सहाच्या फेरीचे वापरले, कारण तेव्हा माती आणि पिकाचं तापमान जवळजवळ सारखं असतं. मोजणी वरच्या ५ सेंमीचीच, आणि तेवढा थर दोन दिवसांच्या उन्हात सुकतो. त्यावर घातांकी फिल्टर लावला: नोंद जुनी होईल तसं तिचं वजन घटत जातं, आणि खालच्या थराचा अंदाज येतो.

नकाशात चौकोन ९ किमीचे असले तरी अँटेना सुमारे ४० किमीचा परिसर एकदम बघते. राधानगरीचा जलाशय, दाजीपूरचं जंगल आणि ऊस, सगळं एकाच आकड्यात. त्यामुळे मूळ आकडा न घेता प्रत्येक चौकोनाच्या स्वतःच्या किमान-कमाल ओलीशी तुलना केली.

जूनमधले खोटे इशारे बरेच कमी झाले. उघडिपीनंतरची चढ पकडली गेली, याचा फार आनंद आहे. २०१९ च्या महापुरात मात्र काहीच सुधारणा नाही. माती आधीच तुडुंब होती. तिथे घाटमाथ्यावरचा पाऊस आणि धरणांचा विसर्गच सगळं ठरवतो. आता विसर्ग जोडायला घेतोय. कुंभी-कासारी खोऱ्यात कुणी स्वतः पर्जन्यमापक लावला असेल, तर रोजच्या नोंदी हव्या आहेत.