तगर म्हणून आणलेलं झुडूप: फेब्रुवारी ते सप्टेंबर

फेब्रुवारीत नर्सरीतून लेबल नसलेली एक पिशवी उचलली, तिथला माणूस म्हणाला "बुटकी तगर आहे, घेऊन जा, वर्षभर फुलं देते", मीपण फार चौकशी केली नाही. १२ इंची कुंडी, माती, शेणखत, थोडं कोकोपीट, गच्चीत सकाळचं ऊन. मार्चमध्ये पहिली फुलं आली, दुधासारखी पांढरी, पाच पाकळ्यांची. शेजारच्या काकूंनी "तगरच रे ही" म्हणत दोन खुडून देवाला वाहिलीसुद्धा.

मला खटकलं ते वासाचं. एकेरी तगरीला संध्याकाळनंतर मंद वास सुटतो, इथे नाक फुलात खुपसलं तरी काही नाही. फोनवरच्या ॲपला फोटो दाखवला तर एकदा जाई, एकदा कुंती, एकदा अनंत! पण पान तोडलं की पांढरा चीक येत होता आणि या तिघांनाही चीक नसतो, म्हणजे हे कण्हेर-तगर-कुडा याच खानदानातलं, एवढं एका तुटक्या पानाने सांगून टाकलं. (असल्या झाडांचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हात धुवा लगेच.)

एप्रिलमध्ये काकूंकडून त्यांच्या तगरीचं एक फूल मागून आणलं आणि दोन्ही फुलं काळ्या तव्यावर शेजारीशेजारी ठेवून भिंग लावलं, कारण पांढऱ्या कागदावर पांढरं फूल काय दिसणार कपाळ. तगरीच्या पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या पिळलेल्या, मधे नुसतं नळीचं तोंड, किंचित पिवळट. माझ्या फुलात मधोमध पांढऱ्या दोऱ्यांची झालर, टॉवेलच्या काठासारखी, आणि झालरीतून वर आलेला परागकोशांचा टोकदार सुळका. इतके दिवस मी पाकळ्याच मोजत बसलो होतो!

अशी झालर काळ्या कुड्याला असते, पण तो चांगला झाड होतो आणि पानंही गाळतो, हे गुडघाभर आणि बारमाही हिरवं. मग त्याचीच श्रीलंकेतली बहीण सापडली, शास्त्रीय नाव राइटिया अँटिडिसेंटेरिका. नावाचा गोंधळ भारी आहे, झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये हिला कण्हेरीच्या वंशात घातलं होतं, नावाचा अर्थ आमांशावरची, आणि आमांशावरचा आपला खरा कुटज म्हणजे पांढरा कुडा, वंश होलाऱ्हेना, त्यालाही पुढे अँटिडिसेंटेरिका हेच नाव चिकटलं, आता तो होलाऱ्हेना प्युबेसेन्स झालाय. त्यामुळे हे नाव शोधलं की पांढऱ्या कुड्याचेच औषधी गुण समोर येतात, कुंडीतल्या झुडपाची साल उकळून बघायला जाऊ नका प्लीज.

मे महिन्यात ताम्हिणीला गेलो तेव्हा पांढरा कुडा फुललेला होता, गाडी थांबवून भिंग लावलं. फांदीच्या टोकाला गुच्छ, पण फुलात झालर नाही. बायको गाडीतून हॉर्न वाजवत होती.

पावसाळ्यात मावा आला, साबणाच्या पाण्याने गेला, बाकी काही विशेष नाही.

सप्टेंबरमध्ये दोन बारीक हिरव्या शेंगा धरल्यात. या कुडा मंडळींच्या बियांना रेशमासारखा झुपका असतो, शेंग तडकली की बी वाऱ्यावर गेलंच, म्हणून जुन्या मच्छरदाणीची पिशवी शिवून शेंगांना बांधलीय. काकू अजून रोज सकाळी "तगरीची दोन फुलं दे रे" म्हणतात, मी देतो.