तेलवाल्यांना माफी, मग आम्हाला का नाही?

तेलवाल्यांना रॉयल्टीत सवलत का मिळते, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. गणपतीला खानापूरकडे गावी आलो की पारावर कुणीतरी विचारतंच, "काय करालायस रे मुंबईत?" अमेरिकेच्या बाजूच्या मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरींचे रॉयल्टी (तेलातला सरकारचा वाटा) सवलतीचे अर्ज तयार करतो, असं मी सांगतो. (अमेरिकेच्या सरकारनं आखाताचं नाव बदललंय, आम्हा बेळगावकरांना त्याचं काय नवल!) लगेच पुढचा प्रश्न: "तेलवाल्यांना माफी, आणि आमच्या सोसायटीच्या कर्जाला?"

कर्जाचं मी काय बोलणार? पण ही माफी नव्हे, आणि ते समजवायला भाताचं खळंच बरं पडतं.

आमचे आजोबा दुसऱ्याचं रान अर्धलीनं करायचे. मळणी झाली की मालक खळ्यावर हजर. रास मापली की निम्मी पोती त्याच्या गाडीत. बी, खत, भांगलणीची मजुरी सगळं आजोबांच्या अंगावर. रॉयल्टी अशीच राशीतून जाते, नफ्यातून नव्हे. तिथं समुद्रतळ सरकारचा, वाटा बहुधा 12.5 ते 18.75 टक्के. विहीर जोरात असताना तो जाणवत नाही. म्हातारी झाली की तेल कमी, पाणी जास्त. पण माणसं, हेलिकॉप्टर, गंजलेले पाइप यांचा खर्च काही कमी होत नाही.

अशा विहिरीसाठी अर्ज असतो. मागच्या 15 महिन्यांतले 12 महिने घ्यायचे आणि दाखवायचं की भरलेली रॉयल्टी निव्वळ उत्पन्नाच्या 75 टक्क्यांहून जास्त आहे. समजा 100 रुपयांचं तेल निघालं, खर्च 84. उरले 16, त्यातले साडेबारा सरकारचे. हा बसतो. खर्च 80 असेल तर नाही बसत. म्हणून खर्चाच्या एकेका ओळीवर घासाघीस. आयकर, दंड, तेल शोधायचा खर्च धरायचा नाही. एकदा आमच्या तक्त्यात शेजारच्या विहिरीचं हेलिकॉप्टरचं बिल घुसलं होतं. मी ते काढलं, आकडा 74 वर आला, अर्ज तिथंच राहिला. साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मंजूर झालं तरी नेहमीच्या उत्पादनावर दर निम्मा, आणि त्याहून जास्त काढलंत तर त्या जादा तेलावर दीडपट!

आपल्याकडे 2016च्या धोरणानं सवलत नव्या कंत्राटांना दिली: खोल समुद्रात पहिली 7 वर्षं रॉयल्टीच नाही. तिथं खोदणं महाग आणि तेल लागेलच असं नाही, मान्य. पण हिशेब न बघता दिलेल्या सवलतीपेक्षा मला वही उघडायला लावणारी बरी वाटते.

एका नापिकीच्या वर्षी मालक आजोबांना म्हणाला होता, "यंदा पाव वाटा दे." दया वगैरे काही नाही, आजोबांनी रान सोडलं असतं तर कसणारं दुसरं कुणी नव्हतं. विहीर बुजवली की खालचं तेल खालीच राहतं, सरकारलाही ते कळतं.

हे सगळं ऐकून मामा म्हणाले, "मग आमचाबी अर्ज लिही की. पण कन्नडात लिहावा लागंल बघ."