तुम्ही विचारलेत म्हणून : एका राखीव जागेबद्दल

"हवालदार, तुम्हाले त पदक नाही, मंग त्या पाटीसाठी कायले भांडता?" हा प्रश्न मला तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीवर, बाजार समितीत आणि माझ्या स्वतःच्या घरीही विचारला गेला आहे. तालुक्यातील सरकारी कार्यालयांच्या आवारात शौर्यपदकप्राप्त सैनिकांच्या वाहनासाठी एक जागा राखून ठेवावी आणि तशी पाटी लावावी, ही माझी मागणी आहे. मी नागपूरजवळच्या कामठीला, लष्कराच्या 'ब्रिगेड ऑफ द गार्ड्स' या रेजिमेंटच्या केंद्रात घडलो, एकवीस वर्षे नोकरी केली आणि आता वर्धा जिल्ह्यात शेती करतो. मला शौर्यपदक नाही, हे खरे आहे.

ज्यांना ते आहे, ते स्वतःसाठी काही मागत नाहीत, म्हणून मी मागतो.

आमच्याच पलटणीतले एक नायब सुभेदार साहेब आमच्यापासून दोन गावे सोडून राहतात. ज्या दिवसाच्या शौर्यासाठी त्यांना सेना पदक मिळाले, त्याच दिवशी उजव्या गुडघ्यात शिरलेले लोखंडाचे तुकडे अजून पूर्ण निघालेले नाहीत. मागे दोन जादा चाके जोडलेल्या स्कूटरवरून ते येतात. एका कार्यालयाने आमच्या विनंतीवरून २६ जानेवारीला मोठ्या हौसेने पाटी लावली, हारही घातला. फेब्रुवारीत साहेब तेथे गेले, तेव्हा त्या जागेवर कुणा ठेकेदाराची गाडी उभी होती. दारावरच्या माणसाने गाडी हलवायला सांगण्याऐवजी साहेबांकडेच ओळखपत्र मागितले. साहेबांनी खिशात हात घातला नाही. स्कूटर वळवून त्यांनी ती रस्त्यापलीकडे नालीच्या काठी लावली आणि काठी टेकत ते आत आले. मला हे त्यांनी सांगितले नाही, टपरीवाल्याने सांगितले.

पदकप्राप्त सैनिकांना सवलती मुळीच नाहीत असे नाही. २००८ च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत परमवीर चक्र, अशोक चक्र, महावीर चक्र, कीर्ति चक्र, वीर चक्र आणि शौर्य चक्र या सहा सन्मानांच्या मानकऱ्यांना ओळखपत्र दाखवल्यावर टोल माफ आहे, आणि रेल्वेही त्यांना सोबत्यासह प्रवासाचा पास देते. पण टोलच्या त्या यादीत सेना पदक नाही. शिवाय आमच्या भागातला माजी सैनिक महामार्गावरून चारचाकीने किती वेळा जातो? त्याची खरी वाट तहसील, बँक आणि ग्रामीण रुग्णालय यांच्यामधली आहे. तेथे वाहन कोठे उभे करायचे, हे ज्या त्या कार्यालयाचा प्रमुख ठरवू शकतो, आणि म्हणूनच मी माझा अर्ज दिल्लीला न पाठवता तहसीलदार साहेबांच्या टेबलावर ठेवला.

पाटीवर काय लिहायचे, यावरही मी बराच विचार केला आहे. अमेरिकेत अनेक गावांत 'पर्पल हार्ट' पदकाच्या मानकऱ्यांसाठी जांभळ्या खुणेच्या जागा असतात, आणि ते पदक शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालेल्या किंवा प्राण गमावलेल्या सैनिकालाच मिळते, त्यामुळे तेथे मान आणि गरज एकाच पाटीवर येतात. आपल्याकडे शौर्याची चक्रे वेगळी आणि लढाईत जखमी झालेल्यांचे पराक्रम पदक वेगळे. पाटीवर केवळ 'शौर्य चक्र' लिहिले, तर सुरुंगावर पाय पडून पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातून नवा पाय लावून आलेला जवान तिच्यातून वगळला जाईल. म्हणून माझ्या अर्जात 'शौर्यपदक किंवा पराक्रम पदक मिळालेले सैनिक आणि त्यांच्या वीरपत्नी' असे शब्द आहेत. वीरपत्नीचा उल्लेख मी आग्रहाने केला, कारण पदक घरातल्या भिंतीवर राहते आणि पेन्शनच्या कागदांसाठी खेटे तिलाच घालावे लागतात.

जागा कोणती, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ज्यांनी आमची काळी माती पावसात पाहिली आहे, त्यांना सांगायला नको की जुलैत काठीचे टोक किंवा कृत्रिम पाऊल त्या चिकणीत रुतले म्हणजे माणूस तोल सांभाळत कसा उभा राहतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उन्हात ठेवलेल्या स्कूटरच्या सीटला हात लावता येत नाही. तेव्हा जागा फरसबंदीची, दाराजवळची आणि शक्यतो कडुनिंबाच्या सावलीतली हवी. रंगाने आखलेली रेघ एका पावसाळ्यात पुसली जाते, त्यामुळे खांब रोवलेला बरा.

एका आक्षेपाने मात्र मला रात्रभर झोप लागली नाही. आमच्या गावातल्या एका बाईने, जिच्या नवऱ्याने कर्जापायी जीव दिला, मला विचारले की शेतकऱ्याच्या बाईसाठी अशी पाटी कोण लावणार. मी तिला उत्तर दिले नाही, देऊ शकलो नाही. पण दुसऱ्या दिवशी अर्जात एक ओळ वाढवली. नवी जागा बैलगाड्यांच्या किंवा सामान्य लोकांच्या वाहनतळातून काढू नये, अधिकाऱ्यांच्या गाड्यांसाठी आधीच आखलेल्या जागांपैकी एक द्यावी. दिव्यांगांसाठीच्या जागेला तर हात लावूच नये, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आवार सुगम असणे हा त्यांचा हक्क आहे आणि आमची मागणी ही मानाची आहे. हक्काच्या जागेवर मान बसवणे मला एक सैनिक म्हणून पटत नाही.

आणि ती जागा रिकामी राहिली पाहिजे. दिवसभर तेथे कोणीच आले नाही, तरी रिकामी. मोठ्या साहेबांचा दौरा असेल त्या दिवशीही रिकामी. लोक म्हणतात की तालुक्यात असे मानकरी बोटांवर मोजण्याइतके, मग जागा वाया जाईल. मोजकेच आहेत म्हणून तर एका जागेत भागते. आणि दारावरच्या माणसाला इतके शिकवावे की आलेल्या म्हाताऱ्याला आधी नमस्कार करून आत घ्यायचे, कागद नंतर कचेरीत पाहता येतात.

अर्ज अजून टेबलावरच आहे. नोव्हेंबरात कापसाच्या गाड्यांनी रस्ते भरलेले असतात आणि तेव्हाच नायब सुभेदार साहेबांना हयातीच्या दाखल्यासाठी यावे लागते. पाटी असलेल्या त्या एकमेव कार्यालयातही त्यांचे काम आहे. कचेरी उघडण्याआधी, सकाळी नऊ वाजता, मी त्या जागेवर उभा असेन आणि त्यांची स्कूटर आत येईपर्यंत तेथून हलणार नाही.