आधी समाजवादाची शपथ, मग पक्ष

आजचा दिवस पक्षनोंदणीचे नियम वाचण्यात गेला. सगळ्याच पक्षांना विटून स्वतंत्रतावादी (सरकारी हस्तक्षेप कमी, व्यक्तीचं स्वातंत्र्य जास्त मानणारा) पर्याय उभारू पाहणाऱ्यांनी हे आधी बघावं. स्थापनेपासून ३० दिवसांत निवडणूक आयोगाकडे अर्ज, १०,००० रुपये शुल्क, किमान १०० मतदार-सदस्य आणि ते दुसऱ्या पक्षात नसल्याची प्रतिज्ञापत्रं. मुदत टळली की अर्ज बाद. एवढं जमतं हो! खरी मेख लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ मध्ये आहे: पक्षाच्या घटनेत समाजवादावर निष्ठा लिहावीच लागते. १९५९चा, समाजवादाला विरोध करणारा राजाजींचा स्वतंत्र पक्ष आज नोंदवायला गेला, तर इथेच अडकेल. शेतकरी नेते शरद जोशींनी राज्यसभेत या कलमातला ‘समाजवाद’ हा शब्द काढण्यासाठी विधेयक मांडलं. कायदा आहे तसाच आहे. म्हणून सध्या पक्षापेक्षा एकेका कायद्यामागे लागणं बरं. सुरुवात शेतमालाच्या साठ्यावर-भावावर सरकारी नियंत्रण आणू देणारा आवश्यक वस्तू कायदा आणि किती जमीन बाळगावी यावर मर्यादा घालणारा शेतजमीन कमाल धारणा कायदा यांपासून.