जिगोकुदानी : बर्फाच्या आधीची माकडं

जपानमधलं जिगोकुदानी माकड-उद्यान म्हटलं की बर्फ आणि गरम कुंडात डोळे मिटून बसलेली माकडं, हेच चित्र समोर येतं. मी मुद्दाम नोव्हेंबरात गेले. मला माकडांची आंघोळ नव्हे, माद्यांचा माजाचा हंगाम बघायचा होता.

नागानो प्रांतातल्या कानबायाशी ओनसेन या गरम झऱ्यांच्या गावापासून उंच सुगी (जपानी देवदार) वृक्षांतून दीडेक किलोमीटरची पायवाट आहे. उद्यान १९६४ सालचं, उंची साधारण ८५० मीटर. पोचले तेव्हा कुंड रिकामंच होतं, माकडं सगळी नदीकाठच्या दगडांवर.

पहिली नजर गेली ती चेहऱ्यांवर. वयात आलेल्या माद्यांची तोंडं आणि पार्श्वभाग लालबुंद झालेले. शरदात दिवस लहान होऊ लागले की त्यांच्या शरीरातलं चक्र पुन्हा सुरू होतं, इस्ट्रोजेन वाढतं, त्वचेखालचा रक्तपुरवठा वाढतो आणि ही लाली चढते. नरही लाल होतात. हे चक्र सुमारे २८ दिवसांचं, म्हणजे जवळपास आपल्यासारखंच, पाळीसुद्धा येते. फरक इतकाच की गर्भ राहिला नाही तर ते हंगामात पुन्हा फिरतं आणि हंगाम सरला की थांबतं. लालीवरून बीज सुटण्याचा नेमका दिवस मात्र कळत नाही. गर्भ राहिल्यावरही काही माद्या नरांना जवळ येऊ देतात.

एका मादीला मी बराच वेळ बघत राहिले. ती एका थोराड नराकडे पाठ करून बसली. तो तिच्या पाठीवरचे केस एकेक करून बाजूला सारत काहीतरी टिपून तोंडात टाकत होता. मध्येच ती उठली, त्याच्याकडे वळूनही न बघता उतार चढून गेली आणि वर एकट्या बसलेल्या दुसऱ्या नराशेजारी जाऊन टेकली. थोराड नर दात विचकत तिच्या मागोमाग गेला, तरी ती हलली नाही. कळपाचा दादा ठरवतो आणि माद्या निमूट ऐकतात, ही समजूत इथे टिकत नाही. मादी एकाच हंगामात अनेक नरांशी जुळते, बाहेरून आलेल्या नवख्यांशीही. मला तर या सगळ्या कळपात तिचीच निवड सर्वांत महत्त्वाची वाटते.

गर्भारपण साधारण पावणेसहा महिन्यांचं. म्हणजे जानेवारीच्या त्या प्रसिद्ध फोटोंतल्या कितीतरी माद्या गाभण असतात! पिल्लं येतात वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, कोवळी पालवी फुटते तेव्हा. दूध पाजायचं तर आईला भरपूर खाणं हवं, आणि पुढच्या बर्फाआधी पिल्लू तगडं व्हायला हवं.

कडेला काही माद्यांचे चेहरे फिकट होते. त्यांच्या पोटाशी यंदाची पिल्लं लटकलेली. पिल्लू दूध ओढत असेपर्यंत आईचं चक्र बहुधा दबलेलंच राहतं, म्हणून पुष्कळ माद्या एक वर्ष सोडून वितात. एका पिल्लानं स्तनाग्र तोंडात धरूनच माझ्याकडे बघितलं. आईनं त्याचं डोकं हातानं दाबून पुन्हा आत घेतलं.

जाणार असाल तर एक लक्षात ठेवा : या दिवसांत माकडं कधीकधी डोंगरातून खाली उतरतच नाहीत. निघण्याआधी उद्यानाकडे चौकशी करा आणि हाताशी एखादा जादा दिवस ठेवा.